पडवीतला फ्रीज आणि मनूची वाइन

मित्रांनो, माझ्या दारावर चिकटवलेलं फुलपाखराचं चित्र अर्धं निघालंय आणि माझी घरघर अंगणापर्यंत ऐकू येते, त्यावरून माझं वय तुम्ही ओळखलंच असेल. मी कोन गावातल्या आनंदा आणि हौसाबाईंच्या घरचा जुना फ्रीज. कारखान्यात नुसता पत्रा होतो, पोटात यंत्र बसलं आणि मला आवाज फुटला. पनवेलच्या दुकानातून टेम्पोत उभा राहून आलो, तेव्हा काय थाट होता माझा! हौसाबाईंनी मला हळदकुंकू लावलं. शेजारच्या बायका बर्फ मागायला यायच्या आणि जाताना माझं कौतुक करायच्या. घरची मुलगी मनस्वी, म्हणजे सगळ्यांची मनू, उन्हातून आली की माझं दार उघडून नुसतीच उभी राहायची. मला ते फार आवडायचं.

मग जमीन प्रकल्पात गेली, मोबदल्यातून बंगला झाला, स्वयंपाकघरात दोन दारांचा चकचकीत फ्रीज आला आणि मी मागच्या पडवीत. पोटात सुकटीचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या. बस्स!

मनूही गेली. नाशिककडे, वाइन बनवणाऱ्या कंपनीत. आनंदाला वाटत होतं, पोरीने इथेच विमानतळावर नोकरी करावी. "पोरगी दारू बनवते, आसा सांगू का लोकांना?" एवढंच तो म्हणाला आणि पुढे तिच्याशी फोनवरही बोलेना. फोन वाजला की तो हौसाबाईंच्या हातात द्यायचा आणि पडवीत येऊन उभा राहायचा. माझ्याकडे पाठ करून.

यंदाच्या थंडीत मनू आली ती दोन बाटल्या घेऊन. पांढरी वाइन, द्राक्षं खुडण्यापासून बाटली भरेपर्यंत तिचा हात लागलेली. तिची इच्छा एकच होती. बाबांनी एक घोट घ्यावा आणि चांगली आहे म्हणावं.

आनंदा कसाबसा तयार झाला, पण पहिली बाटली त्याने स्वतःच नव्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. बिअर तो तशीच प्यायचा, दात शिवशिवेपर्यंत गार. वर पेल्यात बर्फही टाकला. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. एक घोट घेऊन त्याने पेला खाली ठेवला.

"पानी हाय."

मनू उठली. पडवीत आली आणि माझ्या दाराला कपाळ टेकून उभी राहिली. मित्रांनो, आम्हां वस्तूंना हात नसतात, याचं एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

सकाळी तिने पाण्यासाठी मला उघडलं. आत घातलेला हात तिने बाहेर काढलाच नाही.

"आई, याला काय झालंय गं?"

"दम नाय ऱ्हायला त्याच्यात. भंगारवाल्याला सांगलंय."

"अगं, मला एवढाच गारवा हवाय! ही वाइन लाकडी पिपात मुरलेली असते. फार थंड केली की तिचा वासच झोपून जातो."

तिने सुकट बाहेर काढली, खायच्या सोड्याने मला आतून धुतलं आणि दुसरी बाटली मधल्या कप्प्यात आडवी ठेवली. दुपारपर्यंत मी श्वास रोखून बसलो होतो!

हौसाबाईंनी जिताडा माशाचं कालवण केलं, दाट नारळाच्या रसातलं. "तिखट बेताचंच टाक," मनू म्हणाली. "तिखटापुढे वाइनचं काही चालत नाही. हलकी, आंबटसर असती तर तळलेल्या बोंबलाबरोबर दिली असती. या दाट रशाला दाटच सोबत हवी." मग तिने मोठ्या पोटाचे पेले काढले आणि अर्ध्याहून कमीच भरले.

"बर्फ कुठाय?" आनंदाने विचारलं.

"बर्फ नाही, बाबा. आधी वास घ्या."

"वास घ्याला ती काय अगरबत्ती हाय?"

पण घेतला. मग घोट घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. 

"लोनी टाकलंस का गो याच्यात?"

मनू हसत सुटली. "लोणी नाही, दूधही नाही! पिपाच्या तळाशी यीस्टचा गाळ बसतो. तो आम्ही काठीने ढवळत राहतो, महिनोन्‌महिने. म्हणून ती जिभेवर अशी सायीसारखी लागते."

"तू ढवलतेस?"

"मीच."

आनंदाने तिच्या हाताकडे पाहिलं. मग पेला पुढे सरकवला. "थोरी आनखी वत."

पण चांगली आहे असं काही तो म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी मनू गेली.

बाटलीत थोडी उरली होती. आनंदाने स्वतः बूच लावून ती माझ्यात ठेवली. रोज संध्याकाळी यायचा, दार उघडायचा, बघायचा, लावायचा.

"अवो, पिऊन टाका," हौसाबाई म्हणायच्या. "उघडलेली टिकत नाय, सांगून गेलीय ती."

"ऱ्हाऊ दे. तिची हाय."

मी माझ्या म्हाताऱ्या यंत्राचा सगळा जोर लावला. पण गारवा वेळ थोडा लांबवतो, थांबवत नाही. वाइनचा वास रोज जरासा विरत होता आणि मी आणि आनंदा एकमेकांकडे बघत होतो. दोघांनाही मनूच घरी हवी होती आणि दोघांनाही बोलता येत नव्हतं. माझं ठीक आहे, मी फ्रीजच! मित्रांनो, कुणासाठी काही राखून ठेवलंत, तर त्या माणसाला तसं सांगाही. नुसतं दाराआड ठेवलं की माया कुणाला कळत नाही आणि वस्तूही हातची जाते.

परवा आनंदाने बूच काढलं, वास घेतला आणि चेहरा पाडला. वाइन आंबली होती. तो तसाच माझ्यासमोर उभा राहिला. मग खिशातून फोन काढला आणि पहिल्यांदाच स्वतः लावला.

"मनू? मी... हां, मीच. अगो, तुझी ती वाइन... चांगली होती. खूप चांगली होती गो. ठेवली होती तुझ्यासाठी, पन गेली. कवा येशील?"

पलीकडून ती काय म्हणाली, मला ऐकू आलं नाही. फोन खिशात टाकून आनंदाने मधल्या कप्प्यातल्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून काढल्या आणि कप्पा पंच्याने पुसला.

"हौशे, भंगारवाल्याला नाय सांग," तो म्हणाला.