कडीवरचा रंग

दिवा लागला नाही की लोक आधी बल्ब बदलतात, मग फ्यूज बदलतात आणि मग माझं डोकं खायला येतात. बेंगळुरात, कलासिपाळ्यमच्या माझ्या वायरिंगच्या दुकानात हे रोजचंच. देवाप्पा मात्र आला तो लागणारा दिवा घेऊन. एकसष्ट सालची ती दुपार अजून माझा पिच्छा सोडत नाही.

देवाप्पा मूळचा बेळगावकडचा, हणमंतराव नावाच्या भाजीच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर. जीपमागे ट्रेलर लावून देवनहळ्ळीहून भाजी आणायची, हे त्याचं काम. आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला, हेब्बाळच्या तळ्यापाशी ज्योतिबा नावाचा गिरणीकामगार सायकलवरून येऊन भाजीनं भरून हळू चाललेल्या ट्रेलरवर मागून आदळला आणि जागीच गेला.

गाडी पोलिसांनी ठेवून घेतली. तपासायला आलेल्या साहेबानं बटण दाबलं, ट्रेलरचा मागचा लाल दिवा लागला, साहेबानं ‘दिवा ठीक’ असं लिहिलं आणि गाडी सोडून दिली. म्हणजे चूक मेलेल्याची ठरली.

ज्योतिबाची बायको यल्लव्वा हे मानायला तयार नव्हती. ती देवाप्पाला एवढंच म्हणाली, “दिवा लागला होता असं देवळात पेटता कापूर हातावर घेऊन सांग. मग मी तोंड उघडणार नाही.” देवाप्पा माझ्याकडे आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शपथ व्हायची होती.

“अण्णा, वाटेत तीनदा थांबून, खाली उतरून बघितलो की मी,” देवाप्पा मला म्हणाला. “तिन्ही खेपेला लागलेलाच होता. तरी स्वल्प तुम्ही बघा. खोट्याचा कापूर हातावर नको.”

मी वैतागूनच उठलो. बल्ब चांगला, फ्यूज चांगला. जीपमधून ट्रेलरकडे जाणारी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, तीही धड. तो खरं बोलतोय, असं वाटून मला बरंसुद्धा वाटलं. पण सरकारी साहेबासारखं उभ्या गाडीवर भागवणं मला जमत नाही. त्याला म्हटलं, “गल्लीत हळू चालव, मी मागून येतो.”

उन्हात लाल उजेड दिसेना, म्हणून मी दिव्याभोवती तळहाताचा आडोसा धरून चालू लागलो. जीपनं ट्रेलर ओढला आणि माझ्या तळव्यावरचा लाल रंग गेला. देवाप्पानं ब्रेक मारला, तो परत आला. पुन्हा निघालो, पुन्हा गेला. चार वेळा तेच झालं.

“लागतोय न्हवं?” पुढून देवाप्पानं विचारलं. गाडी उभी होती आणि दिवा लागला होता.

मी वाकून जीपचा हूक आणि ट्रेलरची कडी पाहिली. दोन्हींवर लाल रंगाचे जाड दोन हात, त्यावर पूजेचं कुंकू. बेंगळुरात आयुधपूजेला गाडीचा खिळासुद्धा बिनरंगाचा ठेवत नाहीत, आणि देवाप्पानं तर सगळा ट्रेलर स्वतःच्या हातानं रंगवला होता. पुढच्या अंगाला, जीपच्या बाजूला, दोन्हींवरचा रंग जरासा खरवडला होता. थांबताना कडी पुढे सरकून तिथे टेकायची आणि दिवा लागायचा. ओढताना ती मागे रंगावर बसायची, आणि रंगातून वीज जात नाही. बिचारा उतरून बघायचा तेव्हा दिवा हमखास लागलेला असायचा.

रंग त्याचा, पण पाप माझं. तीन महिन्यांपूर्वी तो दिवा मीच बसवला होता. दिव्यापासून जीपकडे वीज परत यायला वेगळी वायर ओढायचा मला कंटाळा आला होता. “हूक लोखंडाचा, कडी लोखंडाची, येते आपोआप,” असं मीच त्याला ऐटीत सांगितलं होतं.

देवाप्पा खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला. “काय अण्णा?”

“लागत होता,” मी म्हणालो. “जा, खुशाल शपथ घे.”

त्याचा चेहरा असा सैल पडला की मला बघवेना. त्यानं माझ्या पायांना हात लावला. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण ट्रेलर तसाच परत रस्त्यावर सोडवेना. मी दुकानातून वायर आणली आणि जीपपासून ट्रेलरपर्यंत वेगळी ओढायला लागलो. तीन महिन्यांपूर्वी ओढायची तीच.

देवाप्पानं हळूच विचारलं, “लागत होता, तर ही वायर कशाला, अण्णा?”

मी वायरचं टोक सोलत राहिलो. तो कडीपाशी बसला, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याला लागलेलं कुंकू आणि त्याखालचा रंग बघत राहिला. मग त्यानं वायरचं दुसरं टोक माझा बोल्ट आवळून होईपर्यंत धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो देवळात गेला नाही. आधी यल्लव्वाच्या दारात गेला आणि तिथून पोलिसांत. ‘कडीला रंग मी लावला, त्यानं चालत्या गाडीचा दिवा विझायचा,’ एवढंच त्यानं लिहून दिलं. माझं नाव त्यानं घेतलं नाही. आणि मी, पद्माकर इलेक्ट्रिशियन, नेहमीच्या वेळेला दुकान उघडून बसलो होतो.