डावीकडची जागा

महसुली तिकिटाचा डिंक अजून जिभेवर होता – आधी गोडसर, मग कडू – आणि तिकीट कागदाच्या पार उजव्या कडेला जाऊन बसलं होतं, बाकावर कुणासाठी जागा धरून बसावं तसं... किनासीनेच तर ते अंगठ्याने दाबलं होतं.

"इतकं कडेला?" बु सुलास्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. सालातिगा गावातल्या एका नोटरीकडे बावीस वर्षं काढून त्या – सगळ्यांच्या 'बु', म्हणजे बाई – आता घराच्या ओसरीवर लोकांच्या कंपन्या जन्माला घालत, आणि त्याच टेबलाशेजारी केळ्याची भजी तळत. "सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर. मधोमध लावायचं असतं. एकट्याच आहात ना?"

एकटीच. परदेशातला वितरक तिचा संगणकावरचा खेळ घ्यायला तयार होता, पण करार कंपनीशीच करणार होता, आणि तोही आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर चार वर्षांचं काम तसंच पडून राहणार.

सकाळी बुंनी कंपनी काढायचे मार्ग सांगितले होते. "दोघं असाल तर भागीदारी. एक राबतो, दुसरा पैसे घालून गप्प बसतो."

"गप्प बसणारा आहे माझ्याकडे."

"जिवंत लागतो, ताई." त्यांनी भजं उलटलं. "सहीला बरं पडतं. शिवाय भागीदारी बुडाली तर तुमची स्कूटरसुद्धा जाईल. एकटीची कंपनी काढा. कंपनी म्हणजे वेगळी व्यक्ती. देह नाही, पण नाव आहे, पत्ता आहे. आणि नावात तीन शब्द लागतात, तुमचे दोनच आहेत. 'अबादी' जोडा, शाश्वत. सगळेच जोडतात. त्यातल्या निम्म्या कंपन्या मीच बंद करून दिल्यात."

देह नाही, नाव आहे – अशा एका व्यक्तीबरोबर तर ती गेले चौदा महिने काम करत होती. तिच्याबरोबर खेळ रचणारा जात्मिको तापाने गेला, पण खेळातल्या तिसऱ्या खोलीचं दार अजून त्याच्याच मर्जीने उघडायचं. त्या दाराच्या कोडवर त्याने लिहून ठेवलं होतं, 'याला हात लावू नकोस. उद्या बघतो.' दाराचा तो कोड तिने एकदा काढून पाहिला, तर सगळा खेळच थिजला. मुकाट्याने होता तसा परत घातला... मी रोज त्याच्या उद्याची वाट बघते, हे कुठल्या रकान्यात भरायचं? रकाना एवढंच विचारत होता – संस्थापक किती? तिने 'एक' लिहिलं होतं, आणि लिहिताना मागे कुणी खुर्ची सरकवल्यासारखं वाटून वळून पाहिलं होतं. मागे बुंचं मांजर होतं. मांजरही तिच्या मागे बघत होतं.

आणि आता हे तिकीट. जात्मिको होता तोवर प्रत्येक कागदावर तो डावीकडे सही करायचा, उजवीकडे तिकिटावरची सही तिची. हाताने सवयीने त्याची जागा सोडली होती.

"काढता येईल?"

"फाटेल. राहू द्या, चालतं. डावीकडे मोकळं दिसेल, एवढंच."

किनासीने पेनचं टोपण काढलं. इतके दिवस तिला भीती होती – सही केली की तो जाईल. त्या कोऱ्या जागेकडे बघताना आज पहिल्यांदाच दुसरी भीती हळूच येऊन टेकली – सही केली तरी तो जाणार नाही... आणि छातीत काहीतरी सैल झालं ते या दोन्हींतल्या कुठल्या भीतीने, हे काही केल्या तिला ठरवता येईना.