शबकीचा एक नमुना

हैदरने शलाकाचा रेकॉर्डर टेबलावर पालथा आपटला.

“आधी लिहून द्या. शबकी ही आम्हा शबक लोकांची स्वतंत्र भाषा आहे, कुर्दी नाही.”

तो डचमध्ये बोलत होता. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या या घरात शलाकाला अजून कुणी बसाही म्हटलं नव्हतं.

“ती इराणी कुळातली आहे, गोरानी भाषेची सख्खी बहीण. एवढं मी लिहीन,” शलाका म्हणाली. “तुम्ही कुर्द आहात की नाही, हे माझा प्रबंध ठरवणार नाही.”

“म्हणजे कुर्दांचीच री ओढणार.”

शलाकाचं डोकं तापलं. सांगलीहून इथवर येऊन तीन वर्षं ती ज्या भाषेसाठी डोळे फोडत होती, ती या पठ्ठ्याला येतही नव्हती. आईशी तो अरबीत बोलायचा. लहानपणीच इराक सुटलेलं. पण नेटवर शबकीसाठी भांडायला हाच पुढे.

त्याची आई, उम्म हैदर, सोफ्यावर पाठ फिरवून बसली होती. ही बाई घरात नको, असं तिने मघाशीच सांगितलं होतं. आता ती वळली, रेकॉर्डर सरळ केला आणि अरबीत म्हणाली, “भाषा हवी ना हिला? घे म्हणावं.”

शलाकाने बटण दाबलं.

उम्म हैदर शबकीत बोलू लागली, एकेक शब्द तोंडावर फेकल्यासारखा. मोसुलबाहेरच्या नाक्यावर बस अडवली होती. बंदूकवाले शबक माणसं शोधत होते. नवरा-बायकोने अरबीत उत्तरं दिली, त्यांना ती पटलीही. तेवढ्यात मांडीवरचं पोर रडलं. तिने त्याला गप्प केलं, तोंडात आलेल्या शबकीत. नवऱ्याला खाली उतरवलं, तो परत आलाच नाही. तेव्हापासून या पोराच्या कानावर तिने ती भाषा पडू दिली नव्हती.

हैदर ऐकत होता. अभिमानाने त्याचा चेहरा उजळला होता.

“बाबांचं नाव आलं. काय म्हणाली?”

उम्म हैदरने शलाकाकडे पाहिलं आणि तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचा राग ओसरून तिथे भीती आली. हिला सगळं कळलंय, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

“मला नीट समजलं नाही,” शलाका म्हणाली आणि रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

“तीन वर्षं शिकून हे? आणि आम्ही कोण ते तुम्ही लिहिणार?” हैदरने दार उघडलं. “निघा.”

“काही येत नाही हिला,” उम्म हैदर त्याला म्हणाली. दारापर्यंत तिने शलाकाचा दंड घट्ट धरून ठेवला होता. हैदरला वाटलं, आई तिला बाहेर काढते आहे.