कार्डावर नसलेली सून

सोमवारी सकाळी तव्यावरची भाकरी उलटता उलटता तनुजा पोट धरून खाली बसली.

"काल वांगं लई तिखट झालतं," सासू भामाबाई म्हणाल्या. "वाईच पड."

"कळ खांद्यापर्यंत जाऊन राहिली, आत्या."

लोह्याजवळच्या त्या गावातून जीपने नांदेडला पोचेपर्यंत साडेबारा झाले. खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. "गर्भ नळीत राहिला होता. नळी फुटलीय, पोटात रक्त साचतंय. ऑपरेशन लगेच करावं लागेल."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. गर्भ राहिल्याचं घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

काउंटरवरच्या माणसाने रेशनकार्ड मागितलं. "सरकारी आरोग्य योजनेत बसलं तर पैसे लागायचे नाहीत." तनुजाच्या नवऱ्याने, बालाजीने, मोबाईलवरचा फोटो दाखवला.

"यात पेशंटचं नाव कुठंय?"

नव्हतं. भोकरला माहेरच्या कार्डावरून ते लग्नाच्या महिन्यातच कमी झालं होतं. सासरी चढवायचं भामाबाईंनी लांबवलं होतं. लेकरू झालं की मायलेकरांची नावं एकदमच चढवू, म्हणाल्या होत्या.

"मग साठ हजार भरा. भरले की आत घेतो."

बालाजीच्या खात्यात सोयाबीनचे पैसे होते. त्याने फोन काढला, तशी भामाबाईंनी त्याचा हात धरला. "थांब. तिच्या बापाला सांग. पहिलं बाळंतपण माहेराचं असतंय."

"माय, हे काय बाळंतपण हाय का?"

"पोटातलंच हाय ना? माझ्या येळंला माझ्या भावानं बैलजोडी इकली. तवा कुणी सोडलं मला?"

शेवटी बालाजीने फोन लावला आणि भोकरहून तनुजाचे वडील मन्मथ निघाले. सगळे बाकड्यावर वाट बघत बसले. चार हात अंतरावर, स्ट्रेचरवर पडलेल्या तनुजाचे ओठ पांढरे पडत होते. नर्स रेणुका संमतीचा कागद घेऊन आली. बालाजीने सही करून नात्यापुढे 'पती' लिहिलं.

"पती तुम्ही, अन् पैसे तिच्या बापाचे?" ती फणकाऱ्याने म्हणाली.

थोड्या वेळाने ती स्ट्रेचरपासून धावतच बाकड्याकडे आली. "बीपी लागंना. कुठवर आले तुमचे पाव्हणे?"

"मुदखेडला रेल्वेचं फाटक पडलंय म्हणे," बालाजी पुटपुटला.

सासरे सटवाजी बाकड्याच्या टोकाला बसले होते. ते उठले. "फाटक उघडस्तोवर हिचा जीव थांबंल का? भामे, सून हाय का पाव्हणी? बालाजी, भर पैसे!"

तनुजा वाचली. पाच बाटल्या रक्त लागलं, तीन दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. बिल दीड लाखाच्या वर गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आल्या आल्या घेतलं असतं तर एवढं रक्त गेलं नसतं. खर्चही निम्मा झाला असता."

"मग घेतलं का न्हाई, बाई?" सटवाजींनी विचारलं.

बाई फाईल चाळत राहिल्या.

घरी सोडायच्या दिवशी मन्मथांनी रुमालात बांधलेल्या नोटा भामाबाईंपुढे धरल्या.

"बाबा, ते खिशात ठेवा," तनुजा म्हणाली.

"अगं, रीत हाय..."

"त्या रीतीनंच मला ऑपरेशनच्या दाराशी निजवलं होतं. मी सगळं ऐकून राहिले होते." ती बालाजीकडे वळली. "जीप लोह्याला तहसीलात घ्या. कार्डावर नाव चढवायचा अर्ज दिल्याबिगर मी उंबरा ओलांडणार न्हाई."

"टाके वले हायत, पोरी! लोक काय म्हणतील?" भामाबाई म्हणाल्या.

"म्हणा, आमची सून तहसीलात बसलीय."

ती खरंच बसली, पोटाशी उशी धरून. तासाभराने गावातून मूळ कार्ड घेऊन भामाबाई स्वतः आल्या. ते तिच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "माझं नाव सतरा वर्षांनी चढलं होतं. कुणाला सांगितलं न्हाई कधी."

वाचकहो, उपदेश करायचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही. पण आज कपाटातलं आपलं कार्ड काढून एकदा त्यावरची नावं वाचा. सून घरात असेलच. कार्डावर आहे का, तेवढं बघा.