मोरीतला जिन

झाडफूक करणाऱ्या फकीह बुअज्जानं आश्रमाच्या एका चादरीवर पिवळं पाणी शिंपडलं आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाली. वृद्धाश्रमाचं अंगण गच्च भरलं होतं. स्वयंपाकघरातल्या बाया, म्हाताऱ्यांचे लेक-सुना, शेजारच्या बेकरीतली पोरं, सगळ्यांच्या तोंडून एकदमच "या लतीफ!" असा अल्लाचा धावा निघाला. मी इथली नर्स. मीही बघत होते, पण सबंध हिवाळाभर म्हाताऱ्यांच्या खाजवून चिघळलेल्या जखमा पुसून मी इतकी बधिर झाले होते की नवलसुद्धा वाटलं नाही.

"रक्त! जिनाचं रक्त!" फकीह गरजला. "धुण्याचं उकळतं पाणी मोरीत ओतता ना? त्याची लेकरं भाजली खाली. आता तो तुम्हाला खाजवायला लावतोय!"

आमच्या मेकनेस शहरात मोरीत गरम पाणी ओतण्याआधी अल्लाचं नाव घेतात, खाली राहणाऱ्या जिनांना इजा होऊ नये म्हणून. त्यामुळे फकीहचं म्हणणं सगळ्यांना चटकन पटलं. ही खरूज आहे, असं मी व्यवस्थापकांना सांगून पाहिलं.

"खरूज असती तर चादर लाल का झाली?" ते म्हणाले आणि धुणं थंड पाण्यात सुरू झालं.

फकीहनं आणखी एक शोध लावला. जिनाचा मुक्काम आश्रमातल्या म्हाताऱ्या लल्ला हनियाच्या अंगात आहे, तिला बाहेर काढा. हनियाला सर्वांत जास्त फोड होते आणि तिच्या बाजूनं भांडायला जगात कुणी नव्हतं.

"पोरी, मला कुठं नेणार गं?" ती विचारायची. मी मलम लावायची आणि दुसऱ्या पलंगाकडे वळायची.

खाज वाढतच गेली. मग हनियाला न्यायला फकीह पुन्हा आला. पुन्हा गर्दी, पुन्हा लाल चादर. तेवढ्यात सी तमसमानींनी चाकांची खुर्ची पुढे घेतली. ते आमच्याकडेच राहतात, पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे.

"फकीहसाहेब, ही माझ्या भाचीच्या घरची चादर. हिच्यावर शिंपडा."

चादर पिवळीच राहिली.

"त्या घरात जिन नाही!" फकीह म्हणाला.

"बरं. आता तुमची बाही द्या पाहू." मास्तरांनी बाहीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी चोळलं आणि वर फकीहचंच पाणी टाकलं. बाही लालभडक झाली. "अरेरे! हा तर तुमच्याच बाहीत लपला होता!" मग त्यांनी लिंबू पिळलं. लाली गेली. "आणि लिंबाला भ्याला. कसला भित्रा जिन पाळलाय हो तुम्ही!"

बेकरीतली पोरं फिदीफिदी हसली. नमाजाची वेळ झाली म्हणत फकीह निघाला. अजानला अजून बराच अवकाश होता.

"हळदीचं पाणी आहे हे," मास्तर व्यवस्थापकांना म्हणाले. "सोड्यानं लाल होतं. आपल्या चादरी नीट खळबळून काढत नाहीत, सोडा आत राहतो. सिस्टर, आता तुमचं सांगा."

मी सांगितलं. कातडीत शिरणारा बारीक किडा, तो अंगावरून आणि अंथरुणातून पसरतो. गरम धुण्यानं मरतो, आणि आम्ही तेच बंद केलं होतं. वर मळक्या आणि धुतलेल्या चादरी एकाच गाडीवरून फिरत होत्या.

या वेळी त्यांनी ऐकलं. डॉक्टर आले, सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावलं, सगळी अंथरुणं गरम पाण्यात गेली, मळक्या कपड्यांना वेगळी गाडी आली. हळूहळू आश्रमातली खाज थांबली.

लल्ला हनियाला कुणी बाहेर काढलं नाही. पण तिच्या फोडांतलं विष रक्तात भिनलं होतं, ती तिच्याच पलंगावर वारली. मला रडू आलं नाही. मी तिची चादर काढली आणि धुण्याच्या खोलीत नेली.

"सिस्टर, एवढं उकळतं ओतू मोरीत?" धुणं धुणाऱ्या इत्तोनं विचारलं. "भीती वाटते गं."

"बिस्मिल्ला म्हण आणि ओत."

तिनं ओतलं. काही झालं नाही.

अल्लाचं नाव घ्यायला माझी ना नाही, मीही घेते. पण कुणी चमत्कार दाखवला तर तिथल्या तिथे दुसऱ्या घरची चादर मागा. आम्ही मागितली, तोवर हनियासाठी उशीर झाला होता.