शाळेचा टोप हळदीला गेला

मी शाळेचा टोप बोलतोय. जर्मनचा, जाडजूड, भिवंडीच्या बाजारातून आणलेला. पोटावर नाव घातलंय : 'आनंदीबाईकडून पोरांना'. आनंदीबाई स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. पण म्हणायची, "पोट भरलं तर पोर बसंल."

पुढं गावात गोडाऊनं झाली. भाडं खाणाऱ्यांची पोरं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जाऊ लागली. आमच्याकडे उरली हमालांची, लूमवाल्यांची. खडूसुद्धा शिकवणाऱ्या बाई पदरचा आणतात. पत्रा तापला की वर्गाची भट्टी. गेल्या साली पोरं वाचनात मागं पडली, तेव्हा तपासणीचे साहेब बजावून गेले, "पुढच्या वर्षीही असंच, तर शाळा बंद. पोरं हायवेपलीकडच्या शाळेत." त्या हायवेवर कंटेनरला ब्रेक ठाऊक नाही!

आता गावची रीत ऐका. हळदीला मोठी भांडी लागली की शाळेतून उचलायची. विचारतं कोण? गावचीच तर आहेत! यंदा साहेब वाचन तपासायला यायचे होते, नेमक्या त्याच सकाळी महादूशेठच्या माणसांनी मला टेम्पोत घातलं. शेठ आनंदीबाईचाच लेक. त्याच्या पोराची, धनेशची हळद होती.

दुपारी मी भातानं काठोकाठ भरलेला. तेवढ्यात शाळेत खिचडी रांधणारी बकुळा मांडवात शिरली. तोंडाची तिखट बाई.

"शेठ, टोप द्या."

"अगं बकुळे, शुभकार्य हाय. उद्या नेशील."

"साहेब आज आलेत! उपाशी पोरं वाचतील काय, कपाळ?"

"भात शिजलाय त्यात. न्यायचा कसा?"

"टोप येत न्हाय ना? मग शाळाच हितं आणते."

आणि आणलीच! पोरं, बाई, साहेब, सगळी वरात. करवल्यांनी हसत हसत पोरांना वाढलं. जेवून साहेब पंख्याखाली टेकले नि म्हणाले, "वाचन इथंच घेऊ. तिथं जीव उकडतो."

रघू अडखळला. दोघी-तिघींनी जेमतेम ओढलं. बाकीची मात्र धडाधड वाचत सुटली. लूमवाल्याची पूर्वी तर थांबेचना. धडा संपला, मांडवाची कमान वाचली, मग वळून माझं पोट वाचलं, मोठ्यांदा : "आनंदीबाईकडून पोरांना."

आईचं नाव भर मांडवात ऐकून शेठ उठला, माझ्या पोटावरल्या अक्षरांवरून बोट फिरवू लागला.

बकुळा सोडते थोडीच! "तुमच्या डीजेनं गाव हलतो, शेठ. शाळेचा पत्रा तेवढा तुमच्याच्यानं हलत न्हाय."

"बास कर बये. हळद उरकली की हे पंखे शाळेत लाव."

"आणि पत्रा?"

"पत्राबी बदलतो."

साहेबांनी वाचनाला बरा शेरा दिला, शाळा तरली. पंखे फिरतात. परतताना टेम्पोत मला एक पोचा आला, पण भात छान शिजतो.

तेव्हा गावकऱ्यांनो, मला हळदीला खुशाल न्या, फक्त पोरं जेवल्यावर. आणि परत ठेवायला याल, तेव्हा आपलं एखादं पोरही शाळेत सोडून जा. भात पुरेल.