कमरछठची मॅकरोनी

देवश्रीनं अख्ख्या शाळेच्या वर्षाचा स्वयंपाक जूनमध्येच ठरवून टाकला होता. एवढं आधी ठरवणारा माणूस हुशार असतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो घाबरलेला असतो. फ्रिजवर तिनं मोठा तक्ता चिकटवला होता. दहावीतल्या इरावतीला कोचिंगच्या दिवशी पोटभरीचा डबा, चौथीतल्या विहंगला भाजी दिसणार नाही अशी भाजी, सासऱ्यांना दुपारी मऊ वरण-भात, आणि कामवाली बिसाहिन आली नाही तर काय, याचाही वेगळा रकाना. त्यात एकच शब्द होता, मॅकरोनी.

वर्षभरापूर्वी असा तक्ता कोणाला लागत नव्हता. घराची सगळी गणितं शारदाबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डोक्यात असायची. कोणाला काय पचतं, कोणाची तिथी कधी, अधिक महिना कोणत्या साली, सगळं त्यांना विचारायचं. गेल्या पावसाळ्यात त्या दोन दिवसांच्या तापानं गेल्या. घर रायपुरात, पण नवरा श्यामकांत नोकरीमुळं बिलासपूरला, तो शनिवारी उगवायचा. देवश्रीचं ऑफिस नवा रायपूरला. सकाळी सहापासून ती भोवऱ्यासारखी फिरायची, तरी रोज काहीतरी राहायचंच.

आणि वर नणंदेचं बोलणं. गंधालीताई तेराव्याला म्हणाल्या होत्या, "वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे. मग बाबाले मी नागपूरले नेते. तू एकटी काय काय पाहशील?"

बोलणं मायेचंच होतं, पण देवश्रीच्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलं. सासरे, यशवंतराव, जायला नको होते. दुपारी दोनला पोरं शाळेतून यायची तेव्हा दार उघडायला ते असायचे. शिवाय त्या घरात तिच्याशी मराठीत पुरतं वाक्य बोलणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. पोरांना काहीही विचारा, उत्तर हिंदीतच यायचं. ते गेले तर आपण संध्याकाळी कुलूप उघडून कोणाशी बोलायचं, हा विचार आला की तिला पोळी लाटता लाटता रडू यायचं.

म्हणून तिनं मनाशी ठरवलं होतं, वर्षश्राद्ध असं करायचं की ताईंना बोट ठेवायला जागा राहू नये. बाबांनीही पोटभर जेवून म्हणावं की मी इथंच बरा आहे. सासूबाई गेल्या तेव्हा पंडितजींनी तिथी सांगितली होती, भादो बदी छठ. नागपूरहून आणलेल्या कॅलेंडरात तिनं भाद्रपद वद्य षष्ठी शोधली. ती आली नेमकी पितृपक्षात, तिमाही परीक्षा संपल्यावर. तिला हायसं वाटलं. बाबांना सांगितलं, ताईंना कळवलं, रजा टाकली. वडे, खीर, कढी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी असं तक्त्यात लाल पेनानं लिहूनही टाकलं. अजून महिना हाताशी होता.

त्या दिवशी सकाळी बिसाहिन आली नाही. "काली उपास हे दीदी, नइ आवंव," उद्या उपास, येणार नाही, असं ती आदल्या दिवशी सांगून गेली होती. कसला उपास हे देवश्रीनं विचारलं नाही. ती तेव्हा विहंगचा मोजा शोधत होती. बाई नाही म्हणजे मॅकरोनी. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, वर चीज, एका कढईत सगळ्यांचं भागलं.

"बाबा, आज दुपारी हेच चालेल न?"

"हव, चालते न," यशवंतराव पेपरामागून म्हणाले. "तू आधी चहा पी. थंडा होऊन राहिला."

चहा ओट्यावरच राहिला. बस आली.

ऑफिसात दुपारी डबा उघडला तर शेजारच्या टेबलावरची विजया साहू पर्स आवरत होती.

"दीदी, मैं हाफ डे जा रही हूँ. पसहर चावल लेना है अभी."

"वो क्या होता है?"

"अरे, बिना हल चले जो उगता है, वो चावल. आज कमरछठ है ना. बच्चों के लिए उपवास."

देवश्रीच्या हातातला चमचा तसाच राहिला. गेल्या वर्षी सासूबाईंना खाली घेतलं होतं, तेव्हा शेजारची काकू पूजेतून तशीच धावत आली होती. तिच्या हातात पांढऱ्या मातीत भिजवलेलं फडकं होतं, कमरछठला आया पोरांच्या पाठीवर फिरवतात ते. रडता रडता तिनं तेच फडकं विहंगच्या पाठीवर टेकवलं होतं. कमरछठच होती ती.

"विजया, कमरछठ मतलब तिथि कौन सी?"

"भादो बदी छठ. क्यों?"

कॅलेंडर खोटं बोललं नव्हतं आणि पंडितजीही नाहीत. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, मराठी माणसांचा अमावास्येला. म्हणून त्यांचा भादो लागतो तेव्हा आपला श्रावण अर्धा उरलेला असतो. रायपुरात पिढ्या गेलेल्या मराठी घरातल्या बायका हे पाळण्यातच शिकतात. देवश्रीला ते ठाऊक नव्हतं असंही नाही. सासूबाई दर श्रावणात म्हणायच्या, "आपला सोमवार अजून यायचा आहे बरं." पण ज्या घरात लक्षात ठेवणारं एक माणूस असतं, त्या घरात बाकीचे खुशाल विसरतात. आता ज्यांनी आठवण द्यायची, त्यांचीच तिथी होती. तिथी आजची होती, आणि घरी कांदा-लसणाची मॅकरोनी होती.

ती विजयाच्या स्कूटरवर मागं बसली. तेलीबांधा येईपर्यंत तिनं घरी कितीदा फोन लावला, कोणी उचलला नाही. बाबांना कळलं असेल का? कळलं असेल तर उपाशी बसले असतील. ताईंना फोन केला असेल. ताई काय म्हणतील ते तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं, 'वर्षातून एक दिवस, देवश्री, तोही नाही सांभाळता आला?' आणि यात खोटं काय होतं? महिनाभर आधी खिरीचे तांदूळ ठरवणाऱ्या बाईनं दिवसच चुकवला होता.

गल्लीत शिरली तर मधोमध बायकांनी छोटा खड्डा खणून पाणी भरलं होतं, भोवती काशी गवताची पाती रोवली होती, कमरछठची कथा चालली होती. आणि पलीकडे, फाटकापाशी, धोतर नेसून यशवंतराव उभे होते. एरवी ते पायजम्यावर असायचे. त्यांच्यापुढं एक तांबडी गाय केळीच्या पानावरून काहीतरी चाटत होती.

देवश्री जवळ गेली. पानावर मॅकरोनी होती.

"बाबा..."

"हव. मले बी आत्ताच समजलं, या बाया खड्डा खोदायले लागल्या तवा." ते गायीकडेच पाहत होते. "घरात शिजलेलं जे होतं तेच वाढलं. पाणी फिरवलं. तुहा फोन बी उचलता नाही आला. पोट्टे म्हणे, आजोबा ये क्या कर रहे हो."

"माझंच चुकलं. मी कॅलेंडर..."

"वाईट वाटलं मले, खोटं काहून बोलू? सगळ्याइच्या तिथ्या तिनं ठेवल्या, अन् तिची तिथी घरात कोणाजवळच नाही. मी नवरा, मलेच नव्हती ठावी. तुले काय बोलू?"

देवश्री फाटकाच्या कट्ट्यावर बसली. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. गंधालीताईच होत्या. देवश्रीनं हात पुढे केला, आपलं आपणच सांगावं म्हणून. यशवंतरावांनी फोन दिला नाही.

"गंधाली, ऐक. तिथी आज होती, आम्ही दोघंबी चुकलो. पोळ्याच्या अवसेले श्राद्ध करून घेऊ, तू ये... नाही, माही बॅग गिग नको भरायले लावू." ते थांबले. पलीकडून बरंच बोलणं झालं. "ते समदं खरं आहे. पण आज मी तूप शोधायले गेलो तर मले तूप नाही सापडलं, तीळ नाही सापडले. साल झालं या स्वयंपाकघरातलं खाऊन राहिलो, अन् मले डबे माहीत नाहीत. हे पोट्टी सकाळी सहाले एकटी उभी राहते. मी तिकडं येऊन का करू, सोफ्यावर बसू? नाही, मी इथंच हावो."

फोन ठेवून ते खाली वाकले, रिकामं पान उचललं आणि तिच्याकडे वळले.

"उद्यापासून मले सहाले उठव. अन् आता सांग, दोन डब्याले कणिक किती लागते?"

देवश्रीला ते झोपेतही सांगता आलं असतं. पण आता ती नुसती रडत होती, आणि यशवंतराव तिच्यासमोर पान धरून उत्तराची वाट पाहत उभे राहिले.